मिरगाआधीची अकरा अंडी

हात आत घाला. घाबरू नका. खुराड्याचं दार म्हणजे एक सुटी फळी. ती बाजूला केलीत की आधी वास येईल, राखेचा, जुन्या तुसाचा आणि उबलेल्या पिसांचा. मग अंधारात काहीतरी फुगेल, घशातून खर्रर आवाज काढेल आणि तुमच्या मनगटावर चोच मारेल. चोच फारशी लागत नाही. हात तसाच पुढे सरकवा, तिच्या पोटाखाली. तिथं पिसं नाहीत. उघडी कातडी आहे आणि ती तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळासारखी तापलेली आहे.

कोंबडी खुडूक बसली आहे. पोटाखाली अंडं एकही नाही, तरी ती उठायला तयार नाही. तीन दिवस झाले, दाण्यालाही धड येत नाही. तुमच्या मागे उभी असलेली आजी हे सगळं पदराला हात पुसत बघते आहे आणि तिच्या मनात एक हिशोब चाललेला आहे. तो हिशोब कळायला तुम्हाला इथं एकवीस दिवस राहावं लागेल.

तारीख आहे 18 मे 1960, वार बुधवार. महाराष्ट्र राज्य होऊन तीन आठवडेही झालेले नाहीत. तुम्ही मालवण तालुक्यातल्या एका वाडीत आहात. जिल्हा रत्नागिरी; सिंधुदुर्ग वेगळा व्हायला 1981 उजाडायचं आहे. रेल्वे नाही, वीज नाही, पलीकडे गोव्यात अजून पोर्तुगीज आहेत. घर मातीच्या भिंतींचं, वर नळे. पुढे सारवलेलं खळं, मागे परडं, परड्याच्या टोकाला विहीर. खुराडं पडवीच्या कोपऱ्यात, चार चिरे रचून केलेलं. तुम्ही कोण, हे कोणी विचारत नाही. मे महिन्यात मुंबईहून आलेलं माणूस कुणाच्या ना कुणाच्या ओळखीचं असतंच. तुम्हाला पाट मिळाला आहे, पितळेच्या ताटलीत उकड्या तांदळाची पेज मिळाली आहे, सोबत भाजलेला सुका बांगडा. जेवून झालं तसे तुम्ही घरातले झालात आणि लगेच कामालाही लागलात.

आजीच्या हिशोबाची एक बाजू अशी. गेल्या फाल्गुनात या खुराड्यात सतरा कोंबड्या होत्या. मग एका सकाळी दोन सुस्त बसल्या, हिरवट पातळ शीट टाकू लागल्या. दुसऱ्या दिवशी एकीची मान वाकडी झाली, पीळ घातल्यासारखी. आठवडाभरात तेरा गेल्या. या रोगाला इथं मानमोडी म्हणतात. 1918 च्या तापाच्या साथीलाही लोकांनी हेच नाव दिलं होतं, आणि आजीच्या पिढीला ते दोन्ही अर्थांनी माहीत आहे. पुस्तकात या रोगाचं नाव राणीखेत, कारण भारतात तो आधी कुमाऊँतल्या त्या गावी ओळखला गेला. त्याच डोंगरांत, मुक्तेश्वरच्या संस्थेत, त्यावरची लसही तयार झालेली आहे. या वाडीपर्यंत ती पोचलेली नाही. तेरा कोंबड्या माडाच्या मुळाशी खोल खड्ड्यात पुरल्या. उरल्या तीन कोंबड्या आणि एक कोंबडा. त्या तिघींतली एक म्हणजे तुमच्या मनगटाला चोच मारणारी ही तांबडी. गेल्या दिवाळीत ती तलंग होती, अंड्याला नुकती आली होती.

दुसरी बाजू पावसाची. शहाणी बाई या दिवसांत कोंबडी अंड्यांवर बसवत नाही. आज बसवली तर पिल्लं निघतील नेमकी मिरगाला, 8 जूनच्या आसपास. पुढे चार महिने ओल. ओलीत पिल्लू गारठतं, पंख सोडून उभं राहतं आणि सकाळी आडवं सापडतं. पिल्लं काढायची ती दिवाळीनंतर, खळ्यात भाताचा पाचोळा पडलेला असतो, ऊन कोवळं असतं, किडे मुबलक असतात तेव्हा. खुडूक मोडायची रीतही आहे. कोंबडीला विहिरीच्या पाण्यात दोन-तीनदा बुचकळायचं आणि डालग्याखाली मोकळ्या दगडावर ठेवायचं. पोटाची आग उतरली की ती चार दिवसांत पुन्हा हिंडू लागते. सून कळशी घेऊन तयारच उभी आहे.

पण घरात अंडी आहेत. पाण्याच्या घागरीखालच्या ओल्या वाळूजवळ एक गाडगं आहे, त्यात गेल्या दहा-बारा दिवसांची अंडी जपून ठेवली आहेत. लहान, मातकट, बोराएवढी नव्हेत पण तुमच्या शहरी ट्रेमधल्या अंड्याशेजारी ठेवली तर पोरकी दिसतील अशी. सुनेच्या मनात ती मुंबईला पाठवायची होती. नवरा पुढच्या आठवड्यात परत निघणार. तुसात घालून, टोपलीत भरून नेली की बोटीवर फुटत नाहीत, आणि खोलीवर ज्या बाईकडे तो जेवतो तिलाही दोन द्यायला होतात.

आजी गाडगं पुढ्यात घेऊन बसते. एकेक अंडं उचलून कानाशी हलवते, बोटांनी टोक चाचपते, तडा बघते. लांबट, टोकदार बाजूला. अकरा निवडते. कोळशानं प्रत्येकावर एक रेघ ओढते, म्हणजे दुसऱ्या कोंबडीनं मध्येच येऊन आपलं अंडं घातलं तर ते कळावं.

"अकराच घाल गो. बारा नको."

हे सुनेला. सून काही बोलत नाही. कळशी खाली ठेवते आणि टोपली आणायला जाते. टोपलीत खाली राख, राखेवर निगडीचा पाला, पिसवांचा उपद्रव होऊ नये म्हणून, पाल्यावर भाताचं मऊ गवत. गवताच्या कडेला एक कोळसा आणि एक गंजका खिळा. पावसाआधी ढग गडगडतात, त्या आवाजानं अंड्यातला जीव दचकतो असा इथला समज आहे, आणि लोखंडानं ती बाधा टळते. तुम्हाला हसू येत असेल तर आवरा. तेरा कोंबड्या पुरलेल्या बाईनं टोपलीत एक खिळा ठेवला, तर त्यात हसण्यासारखं मला काही दिसत नाही.

तिन्हीसांजेला, काळोख पडताना, तांबडीला उचलून टोपलीत बसवलं जातं. ती क्षणभर उभी राहते. मग पायांनी हळूच अंडी आत ओढते, चोचीनं एक सरळ करते, पिसं फुलवते आणि बुडणाऱ्या माणसाला काठ सापडावा तशी खाली बसते. इतकं शांत काही तुम्ही बऱ्याच वर्षांत पाहिलेलं नसेल.

आता पहाट. कोंबडा आरवला की उठायचं, हे इथं घड्याळापेक्षा खरं आहे. तुमचं पहिलं काम चुलीतली राख काढणं. राख फेकायची नाही. थोडी भांड्यांना, थोडी दाताला, थोडी खुराड्याशेजारच्या खळग्यात. त्या खळग्यात कोंबड्या दुपारी लोळतात, पंख झाडतात, त्यांच्या उवा मरतात. उरलेली राख परड्यात. गोठ्यातलं शेण उकिरड्यावर, तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला, न्हाणीतलं पाणी पाटानं अळवाला आणि केळीला. मासे धुतलेलं पाणी दोडक्याच्या आळ्यासाठी राखलेलं. तुम्ही हातातलं काहीतरी टाकायला म्हणून दाराशी जाता आणि तिथंच थबकता, कारण टाकायचं कुठं तेच कळत नाही. या घरात कचऱ्याची जागाच नाही.

गोठ्यात जाऊन बघा. गाय रवंथ करते आहे आणि काळी कोंबडी तिच्या पुढच्या पायांशी उभी राहून उड्या मारते आहे. दर उडीला गाईच्या पोळीखालचा एक गोचीड टिपते. गाय मान वर करून, डोळे अर्धे मिटून उभी. गोठ्यातून कोंबडी उकिरड्यावर जाते, हुमणी आणि किडे उकरते, शेण भुगाभुगा करून पसरते. त्या उकिरड्याचं खत परड्यात जातं, परड्यातल्या भाताची कणी कोंबडीला. कोणी आखून दिलेलं नाही हे. शेकडो वर्षं तंगीत राहून लोकांनी बसवलेली घडी आहे ही, आणि तिचा एकही सांधा आजीला समजावून सांगावा लागत नाही.

अंड्यांचे पैसे मात्र वेगळे. ही गोष्ट नीट बघा, कारण माझ्या मते सगळ्या परड्यात हीच सर्वांत मोठी आहे. भात घरातल्या पुरुषाच्या नावावर. माड भावकीत वाटलेले. मुंबईहून मनीऑर्डर येते तिचा पै न पै आधीच ठरलेला असतो, दुकानदाराची उधारी, खंड, लग्नकार्य. पण कोंबडीचा पैसा बाईचा. वाडीवाडीतून अंडी गोळा करत फिरणारा माणूस टोपली घेऊन येतो, खळ्याबाहेर उकिडवा बसतो, आजी अंडी मोजून देते आणि पैसे कनवटीला लावते. ते किती, कोणी विचारत नाही. नवे पैसे येऊन तीन वर्षं झाली तरी ती अजून आण्यांतच मोजते. त्यातून मीठ येतं, रॉकेल येतं, नातवाची पाटी आली, सुनेला बाळंतपणात हळिवाचे लाडू मिळाले. सासऱ्याकडे, नवऱ्याकडे, मुलाकडे हात न पसरता बाईला खर्चता येईल असा एवढाच पैसा या घरात आहे. तेरा कोंबड्या मेल्या म्हणजे काय गेलं, ते आता ध्यानात येईल.

पाचव्या दिवशी तुम्ही परड्यात आळी खणता आहात. वीतभर खोल, हातभर रुंद. माती लाल, कडक, कुदळीला ठिणगी देणारी. आळ्यात तळाशी पालापाचोळा, वर शेणखत, राख. कोंबडीची विष्ठा तुम्ही सरळ ओतायला जाता तेव्हा सून हात धरते. ताजी घातली तर वेल जळतो. वर्षभर मुरलेली, मातीसारखी काळी झालेली, तीच घालायची, तीही ओंजळभर.

बियाणं दुकानातून येत नाही. मागच्या भिंतीकडे बघा. सारवलेल्या भिंतीवर शेणाच्या थाप्या चिकटलेल्या आहेत, त्यांतून पांढऱ्या कडा डोकावतात. त्या भोपळ्याच्या आणि तवशाच्या बिया. कार्तिकात शेण-राखेत कालवून थापल्या, किडीनं शिवल्या नाहीत. चुलीवरच्या आढ्याला सुकलेले दोडके टांगले आहेत, धुरानं काळे. एक काढून हलवलात की आत बिया खुळखुळतात. पडवळाचं बी पुरचुंडीत. मिरचीचं बी मडक्यात. आजी थापी फोडते, बिया तळहातावर घेते आणि त्यातल्या चपट्या फुंकरीनं उडवते. तिनं कधी शाळेची पायरी चढलेली नाही. कुठला भोपळा बियाणाला ठेवायचा हे ती तो वेलावर असतानाच ठरवते, त्याच्या देठाला चिंधी बांधते आणि मग त्याला घरातलं कोणी हात लावत नाही.

बी टाकलं की कोंबड्या शत्रू होतात. उकरायचा त्यांचा स्वभाव, आणि ताजं आळं म्हणजे त्यांना आमंत्रण. म्हणून प्रत्येक आळ्यावर करवंदीच्या काट्या. तरी कोंबडा एका आळ्यात शिरतोच. मग घरभर ओरडा, नातू काठी घेऊन मागे, आणि तासाभरानं कोंबडा डालग्याखाली. डालग्याच्या भोकातून तो मान काढून तुमच्याकडे बघतो. पुढचे दहा दिवस, कोंब वितभर होईपर्यंत, कोंबड्या सकाळी उशिरा सोडायच्या आणि ऊन चढलं की डालायच्या.

25 मे. वैशाखाची अमावास्या, रात्र दाट काळी. सातवा दिवस. आजी कंदिलाची वात मोठी करते आणि तुम्हाला जवळ बोलावते. तांबडीखालून एक अंडं काढते, मुठीच्या बोगद्यात धरते आणि कंदिलाच्या काचेशी नेते. वाकून बघा. आधी नुसता पिवळसर उजेड. मग डोळा सरावला की मधोमध एक काळा ठिपका, आणि त्यातून चहूकडे पसरलेल्या बारीक लाल रेषा, कोळ्यानं जाळं विणावं तशा. ठिपका किंचित हलतो. तिसऱ्या दिवसापासूनच त्यात काळीज धडधडू लागलेलं असतं.

"ह्यात जीव आसा."

पुढचं अंडं नितळ. आरपार उजेड, ना ठिपका ना रेषा. "ह्यां रिकामां." आणखी एक तसंच. दोन गेली, नऊ राहिली. रिकामी दोन अंडी अजून चांगली आहेत, वाया जाणार नाहीत. सकाळी सून ती तव्यावर फोडते, कांदा-मिरची घालून नातवापुढे ठेवते. तो इतक्या सावकाश खातो की तुम्ही नजर दुसरीकडे वळवता.

दोन दिवसांनी मुलगा निघतो. पावसाळ्यात बोटी बंद होतात, त्याआधीच्या शेवटच्या फेऱ्यांपैकी ही. तो परळच्या एका गिरणीत साचाखात्यात आहे, पंधरा-वीस जणांबरोबर एका खोलीत राहतो, पाळी संपली की दुसऱ्याच्या उठलेल्या जागेवर झोपतो. ट्रंकेवर टोपली चढते: सोलं, कुळथाचं पीठ, आंब्याची साठं, फणसाचे तळलेले गरे, सुके बांगडे वेगळ्या फडक्यात. अंडी नाहीत. तो टोपली चाचपतो, आईकडे बघतो. आई खुराड्याकडे मान करते. त्याला कळतं. तो वाकून तांबडीकडे बघतो आणि हसतो, लहानपणी बघायचा तसा.

तुम्ही आणि आजी मालवणच्या बंदरापर्यंत त्याच्यासोबत जाता. बोट दूर उभी आहे, माणसं पडावातून नेतात. पडाव सुटतो तेव्हा तुमच्या जिभेवर एक तारीख येते, 18 जानेवारी 1982, आणि तुम्ही ती गिळता. त्या दिवशी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू होईल, अडीच लाख कामगार बाहेर पडतील, आणि तो संप कधी नीट संपणारच नाही. हा माणूस तेव्हा पन्नाशी ओलांडलेला असेल. त्याला काय सांगणार? सांगून तो काय करील? वाडीत परतून या परड्यावर किती तोंडं जगतील, याचा हिशोब त्याच्या आईनं कधीच केलेला आहे. म्हणून तर तो पडावात आहे. परडं घर सावरतं, पोट पूर्ण भरत नाही. घरचं भात श्रावण-भाद्रपदात संपतं आणि मग नाचणी, वरी, आठळ्या, कणगरं यांवर दिवस काढायचे असतात. जुन्या काळची परसबाग आठवून आपण हळवे होतो तेव्हा हे पडाव विसरायचे नसतात.

परतताना वाटेत ग्रामसेवक भेटतो. विकास गटाचा माणूस, सायकल हातात धरून चढ चढतोय. तळमळीनं सांगतो: गावठी कोंबडी वर्षाला फार तर 50-60 अंडी देते, पांढरा लेगहॉर्न कोंबडा गावात आणू, संकर करू, अंडी वाढतील, पोरांना प्रथिनं मिळतील. त्याचं चुकत नाही. नातवाला दोन अंडी खाताना तुम्ही पाहिलं आहे. आजी ऐकून घेते आणि एकच विचारते: ती कोंबडी खुडूक बसते का? ग्रामसेवक प्रामाणिक आहे. म्हणतो, नाही, म्हणून तर ती जास्त अंडी देते. आजी विचारते, मग पिल्लं कोण काढणार?

हा प्रश्न तुम्ही नीट उचलून घ्या, कारण पुढचा सगळा इतिहास त्यात आहे. पिल्लं यंत्र काढील. 1971 मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीज उभी राहील, कोंबडीची अंडी वर्षाला 300 च्या वर जातील, ट्रे भरून अंडी गल्लीतल्या दुकानात येतील आणि लाखो मुलांच्या ताटात पडतील. ती मुलं या नातवापेक्षा धडधाकट होतील, आणि त्याचा मला आनंद आहे. पण ज्या कोंबडीला उबवायचं विसरायला लावलं, तिच्यासोबत कनवटीचा पैसाही खुराड्यातून उठून कारखान्यात गेला. पिल्लू विकत, खाद्य विकत, लस विकत. ज्याच्याकडे भांडवल त्याची कोंबडी. आजीला यातलं काही माहीत नाही, तरी तिनं बोट बरोबर तिथंच ठेवलं आहे.

जून लागतो. भाजावळीचा तुकडा महिनाभर काळा पडलेला आहे. ऐनाची कवळं, शेण, पाला पसरून, वर मातीचा थर देऊन तो चैत्रात जाळला होता. तणाचं बी जळून गेलं, माती भुसभुशीत झाली, राख खत झाली. आता त्या कोरड्या फुफाट्यात भात पेरायचं, धूळवाफेवर. पाऊस वेळेवर आला तर तरवा वीस-एकवीस दिवसांत लावणीला येईल. नाही आला तर चिमण्या आणि मुंग्या. सूपभर वालय भात हातात घेऊन सून मुठीनं फेकते आहे, पाय अनवाणी, धूळ गुडघ्यापर्यंत. खुराड्यात एकवीस दिवस, वाफ्यात एकवीस दिवस. दोन्हीकडे एकच वाट बघणं.

अगोटीची घाई आहे. लाकडं माळ्यावर चढली. मीठ मडक्यात गेलं. पडवीला माडाच्या चुडतांची झापं बांधली, नाहीतर पावसाची झड थेट चुलीपर्यंत येते. दुपारी घार येते. तुम्ही तिला पाहायच्या आधी कोंबडा पाहतो, लांब, बारीक, चिरकी शीळ घालतो आणि काळी व पांढरी दोघी धावत केळीच्या बुंध्यात शिरतात. तांबडी मात्र टोपलीतून हलत नाही. दिवसाला एकदा उठते, घाईघाईनं कणी खाते, पाणी पिते, राखेत दोन लोळण्या घेते आणि दहा मिनिटांत परत. ती हलकी झाली आहे. तुरा फिका पडला आहे.

6 जूनला आजी परातीत कोमट पाणी घेते. नऊ अंडी एकेक करून सोडते. श्वास धरून बघा, परात हलवू नका. एक अंडं किंचित डुलतं, थांबतं, पुन्हा डुलतं. पाण्यावर बारीक वलयं उठतात. आतला जीव पाय ताणतो आहे. आठ डुलली. एक गुमान तरंगत राहिलं. आजी त्याच्याकडे बघते आणि तेही परत टोपलीतच ठेवते. कोण जाणे, झोपलेलं असेल.

मिरग लागतो. वटपौर्णिमा तोंडावर आली आहे, सून सुताची गुंडी काढून ठेवते, नवरा मुंबईत असला म्हणून काय झालं. वाडीत घराघरांतून भाजलेल्या खोबऱ्याचा आणि मालवणी मसाल्याचा वास येतो आहे. मिरगाला कोंबडी आणि वडे, ही इथली रीत. पुढे लावणीचे दिवस चिखलात वाकून काढायचे, अंगात ऊब हवी. या घरात यंदा वास नाही. त्याहून अवघड म्हणजे राखण. परड्याच्या कोपऱ्यात चाफ्याखाली एक दगड आहे, तो या जागेचा राखणदार. दर वर्षी त्याला कोंबडा देतात. कोंबडा एकच उरला आहे, आणि तो दिला तर पुढच्या अंड्यांत जीव कुठून येणार? आजी नारळ घेऊन दगडापाशी जाते. तुम्ही थोडे मागे थांबा, हे बोलणं त्या दोघांतलं आहे. ऐकू मात्र येतं.

"औंदा माफ कर. पुढल्या वर्साक तुका दोन दितंय."

नारळ फुटतो. पाणी दगडावरून ओघळतं.

8 जूनच्या पहाटे टोपलीतून आवाज येतो. तांबडीचा नाही. तिच्या खालून. किरकिर, मग थांबून पुन्हा किरकिर, आणि तांबडी त्याला अगदी हळू, घशातल्या घशात उत्तर देते आहे. हा आवाज तिनं आजवर कधी काढला नव्हता. तिला कोणी शिकवला, विचारू नका. एका अंड्याच्या कुशीला टिचलं आहे, तांदळाच्या दाण्याएवढं भोक, त्यातून पिवळं टोक दिसतं. तुमचा हात पुढे जातो. आजी तो धरते. कवच आपण सोलायचं नसतं, आत अजून रक्त फिरत असतं. त्याचं त्यानं फोडायचं.

दुपारपर्यंत चार. संध्याकाळपर्यंत सात. ओली, मरतुकडी, मान न धरणारी ती पिल्लं तासाभरात वाळून कापसासारखी फुलतात. तीन काळपट, दोन तांबूस, एक पांढुरकं, एक पाठीवर पट्टे असलेलं. आज त्यांना दाणा नको. पोटात ओढून घेतलेला बलक अजून एक-दोन दिवस पुरेल. उद्या कणी बारीक करायची. नातू परवापासूनच वाळवीचं ढेकूळ शोधून ठेवून बसला आहे.

दोन अंडी राहिली. ते गुमान तरंगणारं, आणि दुसरं, ज्यात कालपर्यंत हालचाल होती. आजी ते कानाशी धरते, बराच वेळ. मग दोन्ही पदरात घेऊन परड्यात जाते. बाहेर उजेड विचित्र पिवळा झाला आहे, माड उलटे वळलेले, समुद्राकडून एकामागून एक काळे थर वर येताहेत. ती भोपळ्याच्या आळ्याशी बसते, काट्या बाजूला करते. दोन पानांचे जाड कोंब वर आलेले आहेत. त्यांच्यापासून हातभर अंतरावर ती बोटांनी माती उकरते, अंडी खाली ठेवते, कोळशाच्या रेघा वर, आणि माती सारखी करते.

पहिला थेंब तिच्या मनगटावर पडतो, दुसरा कोंबावर. मातीचा वास उठतो. पडवीतून सून ओरडते, "पाऊस इलो!" आणि नातू टोपली दोन्ही हातांनी कवटाळून, तांबडीच्या चोची खात, ती आत चुलीजवळ नेतो.